पहिला कॅमेरा, १८-५५ आणि डोमकळीतली अळी

भाऊ, तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही ते तुला कळेल. तू धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहेस. घरचं वावर पारोळ्याकडे, कपाशीचं. आखाजीला काकांनी वापरलेला कॅनन १५००डी घेऊन दिला, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. तुला पिकावरच्या किडींचे जवळून फोटो काढायचेत. पण जवळ गेलं की कॅमेरा नुसता घर्र घर्र करतो, फोकस लागत नाही. लागला तर फोटो हलतो. हलला नाही तर डोळा धूसर आणि पाय स्पष्ट. दुकानदार म्हणतो मॅक्रो लेन्स, म्हणजे खास जवळून फोटो काढायची लेन्स घे. तिची किंमत ऐकून घरी विषय काढायची हिंमत होत नाही. मग काय करू, असं तू विचारतोस.

विषय काढूच नकोस. निदान या हंगामात तरी नको.

मी अमळनेरला स्टुडिओ चालवतो. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो यांवर पोट भरतं. कीटकांचा नाद लागला तो एका बियाण्याच्या दुकानदारामुळे. त्याला माहितीपत्रकासाठी मावा आणि तुडतुड्यांचे फोटो हवे होते. मी ऐटीत हो म्हणालो, दोन दिवस कपाशीत रांगलो आणि शंभर-सव्वाशे हिरवे डाग घेऊन परत आलो. तेव्हा जे कळायला मला तीन हंगाम लागले ते सांगतो: जवळच्या फोटोत माणूस लेन्सपायी अडत नाही, उजेडापायी अडतो. हातात थोडे पैसे आलेच तर पहिला रुपया उजेडावर घाल, लेन्सचा विचार नंतर.

आधी तुझ्याकडे काय आहे ते बघू. तुझ्या १८-५५ वर २५ सेंटीमीटर असा आकडा असेल. बहुतेक नवशिके ते अंतर लेन्सच्या काचेपासून मोजतात. ते सेन्सरपासून असतं. बॉडीच्या वरच्या बाजूला आडवी रेघ मारलेलं बारीक गोल चिन्ह दिसेल, सेन्सर नेमका तिथे आहे. म्हणजे काचेपासून मोजलं तर तुला दहा-बारा सेंटीमीटरपर्यंत जाता येतं. त्यापेक्षा पुढे सरकलास की कॅमेरा घरघरणारच, तो बिघडलेला नाही. झूम ५५ वर ठेव, फोकस रिंग अगदी जवळच्या टोकाला ने आणि ऑटोफोकस बंद कर. या स्थितीत लेन्स ०.३४ पट मोठं दाखवते. तुझा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद, त्यामुळे साडेसहा सेंटीमीटर रुंदीची वस्तू चौकट भरून टाकते. कपाशीचं उमललेलं फूल जवळजवळ तेवढंच असतं. म्हणजे फूल, बोंड, पानावरचा रोग, फुलपाखरू, चतुर एवढं सगळं तू आजच, एक पैसा न घालता काढू शकतोस. गुलाबी बोंडअळी पूर्ण वाढली तरी सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटरची. ती या चौकटीत पाचव्या हिश्शाएवढी दिसेल. पांढरी माशी मिलिमीटरभराची, ती तर ठिपकाच.

तुझी खरी अडचण इथून पुढे सुरू होते. त्यावर तीन स्वस्त उपाय आहेत आणि तिन्ही मी करून बसलोय.

पहिला, लेन्स उलटी लावायची. ५८ मिलिमीटरची रिव्हर्स रिंग मिळते, ती तुझ्या १८-५५ च्या पुढच्या आट्यांत बसते आणि लेन्स पाठमोरी कॅमेऱ्यावर चढते. मोठं दिसतं, फारच मोठं दिसतं. १८ वर तर मुंगीचं डोकंच चौकटभर होतं. पण ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, आपल्या ताब्यात राहत नाही आणि लेन्सची नाजूक मागची काच धुळीकडे तोंड करून उघडी पडते. दुसरा उपाय एक्स्टेन्शन ट्यूबचा, म्हणजे लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये पोकळ नळ्या. हिशोब सोपा आहे: नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (१८, ५५, २५० हा लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा), तेवढी पट वाढते. ५० च्या लेन्सला २५ मिलिमीटरची नळी लावली की अर्धा पट वाढ. नळ्या घ्यायच्याच तर आतून पितळी टिकल्या असलेल्या घे. नुसत्या पोकळ नळ्या अगदी स्वस्तात मिळतात, पण त्यांत लेन्सचा आणि कॅमेऱ्याचा विजेचा संबंध तुटतो आणि ॲपर्चर सताड उघडं राहतं. त्यावर एक जुनी युक्ती आहे. लेन्स बॉडीवर असताना ॲपर्चर एफ/११ ठेवायचं (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान), डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे स्पष्टतेची जाडी दाखवणारं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून लेन्स काढायची. पाती मिटलेल्याच राहतात. काही बॉडींवर त्याचं वेगळं बटण असतं, काहींत मेनूतून एखाद्या बटणाला ते काम लावून द्यावं लागतं. चालते युक्ती. पण मग व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो, आणि अंधारात तुडतुडा शोधणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको. एका स्वस्त नळीचा खटकाच अडकला आणि लेन्स निघेना. वावरातून घरापर्यंत तो लांबलचक जोड मी मांडीवर धरून आणला, गाडी भाचा चालवत होता.

तिसरा उपाय मी तुला सांगेन, आणि तो आपल्या मातीमुळेच सांगेन. ५५-२५० घे आणि तिच्यापुढे क्लोज-अप भिंग लाव. फिल्टरसारखंच बसतं. भिंगाची ताकद चष्म्याच्या नंबरासारखी मोजतात. +४ चं भिंग असेल तर १००० भागिले ४, म्हणजे लेन्स अनंतावर ठेवली की भिंगापासून २५० मिलिमीटरवर फोकस. लेन्सही २५० ची, म्हणून वस्तू सेन्सरवर आहे तेवढीच उमटते, एकास एक. म्हणजे बोंडअळी साधारण अर्ध्या चौकटीएवढी, आणि तू तिच्यापासून चांगला वीतभर लांब. ऑटोफोकस, ॲपर्चर, मीटर सगळं जागेवर. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे वावरात लेन्स काढावी लागत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ एकदा सेन्सरवर बसली की एफ/१६ च्या प्रत्येक फोटोत आभाळाला देवीचे व्रण. (बसली आहे का ते बघायचं तर एफ/२२ वर मोकळ्या आभाळाचा मुद्दाम धूसर फोटो काढ आणि मोठा करून बघ. कोपऱ्यात गोल करडे डाग दिसले तर ती धूळ.)

भिंगात मात्र कंजूषी करू नकोस. तीन-चार भिंगांचा जो संच कापडी पाकिटात स्वस्तात मिळतो, त्यातलं प्रत्येक एकाच काचेचं असतं. २५० वर त्याने कडांना जांभळी-हिरवी झालर येते. दोन काचा चिकटवून केलेलं भिंग घे, त्याला ॲक्रोमॅट म्हणतात. रेनॉक्सचं डीसीआर-१५० हे ४.८ नंबरचं आहे, चिमट्याने लेन्सवर बसतं, ५२ ते ६७ मिलिमीटरपर्यंतच्या कोणत्याही लेन्सला चालतं. तुझी ५५-२५० आहे ५८ ची. त्याच कंपनीचं डीसीआर-२५० हे भिंग जास्त ताकदीचं, ८ नंबरचं. ते पहिल्या वर्षी घेऊ नकोस. एवढ्या जवळ गेलास की तुझ्या काळजाचा ठोकासुद्धा फोटोत दिसतो.

आता उजेडाकडे येतो, माझं खरं सांगणं तेच आहे.

एकास एक वर एफ/११ ठेवलं तरी स्पष्टतेची जाडी अर्धा-पाऊण मिलिमीटर असते. मिलिमीटरसुद्धा पूर्ण नाही. म्हणून डोळा धूसर आणि पाय स्पष्ट. जाडी वाढवायला ॲपर्चर मिटवायचं, तर उजेड कमी. उजेड कमी म्हणून शटर मंद, तर फोटो हलतो. शटर जलद ठेवावं तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवावा लागतो आणि फोटोत रवा पडतो. लेन्सवरचं स्टॅबिलायझर एवढ्या जवळून फारसं उपयोगाचं नाही. ते हाताच्या वळण्यावर उतारा आहे, आपलं पुढे-मागे डुलणं त्याला थांबवता येत नाही. आणि एफ/२२ वर जाऊन सुटका होईल म्हणशील तर तिथे सगळाच फोटो मऊ पडतो, उजेड बारीक भोकातून जाताना पसरतो म्हणून. एफ/८ ते एफ/१३, एवढ्यातच राहायचं. मग उरलं काय? फ्लॅश.

आणि तो तुझ्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर आहे. पॉप-अप फ्लॅशला लोक नावं ठेवतात, लग्नात मीही ठेवतो. पण वीतभरावरच्या किड्यासाठी त्याच्यात हवी त्याहून जास्त ताकद आहे, आणि जवळून थोडीच ताकद लागते म्हणून त्याचा लखलखाट अगदी क्षणिक असतो. तेवढ्या वेळात ना वारा पान हलवू शकतो ना तुझा हात. मॅन्युअलवर जा: एफ/११, शटर १/२००, आयएसओ २००. तुझ्या बॉडीला फ्लॅशसोबत १/२०० च्या वर जाता येत नाही. फ्लॅश ऑटोवर राहू दे, त्याची ताकद कमी-जास्त करणारं कॉम्पेन्सेशन एक पायरी खाली.

असाच उडवलास तर फोटो वाईट येईल. किड्याच्या पाठीवर पांढरा चट्टा, आणि चौकटीच्या तळाला लेन्सचीच अर्धगोल सावली, कारण लांब लेन्स फ्लॅशच्या आड येते. त्यासाठी डिफ्यूजर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा करायचा. आइस्क्रीमच्या डब्याचं पांढरं झाकण घे, मोठ्यातलं. त्याला लेन्स घट्ट बसेल एवढं भोक पाड आणि लेन्सच्या तोंडाशी सरकव, झाकणाचा मोठा भाग वर राहील असं. मग फ्लॅशपासून झाकणापर्यंत पुठ्ठ्याचं एक बोगद्यासारखं नळकांडं, आतून पांढरा कागद चिकटवलेलं. रबरबँडने अडकव. दिसतं गबाळं. माझं पहिलं पाहून बायकोने विचारलं होतं, की डबा धुवून ठेवला होता तो हाच का. पण आता उजेड त्या बारक्या फ्लॅशमधून न येता पसाभर पांढऱ्या झाकणातून येतो. किड्याच्या मानाने ते झाकण म्हणजे ढगाळ आभाळ. मावा पडलेल्या पानावर जो चिकटा असतो, तो उघड्या फ्लॅशने नुसता चकाकतो. झाकणातून काढलास तर पानाच्या शिरा आणि मावा दोन्ही वेगळे दिसतात.

पुढे वेगळा फ्लॅश घ्यावासा वाटेल. घेण्याआधी दुकानातच तुझ्या बॉडीवर चढवून उडवून बघ. कॅननच्या काही स्वस्त बॉडींच्या हॉटशूवर, म्हणजे फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेत, मधला गोल कॉन्टॅक्टच दिलेला नाही, त्यावर साधे फ्लॅश पेटत नाहीत.

फ्लॅशची एक खोड आहे. किड्याच्या मागे लांबवर काही नसलं तर मागचं सगळं काळंठिक्कर येतं, दिवसाढवळ्या रात्र. मला ते आवडत नाही. उपाय म्हणजे अशा कोनातून काढ की मागे हात-दीड हातात दुसरं पान येईल, किंवा शटर १/६० वर आणून आयएसओ ४०० कर म्हणजे मागचा खरा उजेडही थोडा उतरेल.

फोकस कसा करायचा? रिंगने करू नकोस. ती एका जागी ठेव आणि स्वतः हल. कोपर बरगडीला टेकवायचं, हळूच पुढे झुकायचं, डोळा स्पष्ट झाला की बटण. तीन-चार फोटोंतला एक लागला तरी खुशाल समज, मला अजूनही त्याहून फार बरं जमत नाही. वाऱ्याची एक युक्ती सांगतो, ती मला फार उशिरा सुचली. डाव्या हाताच्या दोन बोटांत पानाचं देठ धर आणि त्याच हाताच्या मुठीवर लेन्स टेकव. आता पान हललं तर कॅमेराही त्याच्याबरोबर हलतो, अंतर तेच राहतं. किडा बसलेलं पान धक्का न देता धरायला सराव लागतो. फुलकिडे आणि मावा बसून राहतात, तुडतुडा तिरपा पळतो, पांढरी माशी उडते. ट्रायपॉड कपाशीत उपयोगाचा नाही; त्याचे तीन पाय लावेपर्यंत किडा शेजारच्या गावात पोचतो.

आणि कोन बघ. फुलपाखराचे मिटलेले पंख एका पातळीत असतात, कॅमेऱ्याची पाठ त्या पातळीला समांतर धरलीस की त्या अर्ध्या मिलिमीटरमध्येही पूर्ण पंख बसतो. अळी आडवी धर, शेपटीकडून नको.

वेळ सकाळची. भाद्रपद-आश्विनात साडेसहा ते साडेआठ. दव असतं, किडे गारठलेले असतात, वारा पडलेला असतो. नऊनंतर वारा सुटतो आणि सगळ्यांच्या अंगात येतं. या दिवसांत डोमकळी शोध: ज्या फुलाच्या पाकळ्या उमलल्याच नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींत गुंतून राहिल्या, ते फूल. आतली अळी धाग्यांनी पाकळ्या शिवून टाकते. आधी न उघडता त्याचा फोटो घे, शेजारचं चांगलं उमललेलं फूल मागे धूसर दिसेल असा. मग पाकळ्या हळूच सोडवून आतली अळी. तुम्हा विद्यार्थ्यांच्या कामाला हे दोन फोटो सोबत असतील तरच अर्थ आहे. एकट्या अळीचा सुंदर फोटो पाहून शेतकऱ्याला ती वावरात ओळखता येत नाही. तसंच पांढरी माशी, तुडतुडे, पिठ्या ढेकूण यांचं. आधी झाड, मग पान, मग पान उलटून त्याची खालची बाजू. आणि एकदा तरी शेजारी मिलिमीटरची पट्टी धरून काढ, नाहीतर भिंगातून सगळेच राक्षस दिसतात.

वावर दुसऱ्याचं असेल तर विचारून जा आणि फवारणी कधी झाली तेही विचार. औषधाचा वास आला तर माघारी फीर. लेन्सचं झाकण पानावर ठेवून मग दातांत धरायची सवय मला होती. एकदा दुपारभर ओठ बधिर झाले, तेव्हापासून झाकण खिशात. आणि बांधावर पालथं पडायचं असेल तर शेजारच्याला आधी सांगून ठेव. मी एकदा लाल ढेकणांचा फोटो घ्यायला दहा मिनिटं निपचित पडलो होतो, तर पलीकडच्या वावरातले आप्पा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले, “काय व्हयनं भाऊ, चक्कर उनी का?” ढेकूण पळाले, पाणी मात्र गार होतं.

लाल रंगावरून आठवलं. मृगाच्या पहिल्या पावसानंतर बांधावर ते मखमली लाल किडे निघतात, पुढच्या वर्षी तू नक्की त्यांच्या मागे लागशील. त्यांचा लाल इतका भडक असतो की कॅमेऱ्यात सगळी मखमल जाऊन एकच लाल थापा उरतो. तिथे एक्सपोजर दीड पायरी कमी कर, आणि रॉमध्ये काढ, म्हणजे जेपेग न करता कॅमेऱ्याची मूळ फाइल ठेव.

उन्हाळ्याबद्दल फार सांगत नाही. मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात काढण्यासारखं बाहेर थोडंच असतं. कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवून कुठे गप्पा मारत बसू नकोस एवढंच. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, नाहीतर लेन्सला बुरशी.

पण वावरात जायच्या आधी एक आठवडा घरात घालव. उत्तरेच्या खिडकीशी टेबल लाव. चाळीसगावला स्टेशनाजवळ केकी मूस यांचं घर आहे, तिथे एकदा जाऊन ये. ते १९८९ साली गेले. घराबाहेर जवळजवळ न पडता कित्येक दशकं त्यांनी त्या एका घरात फोटोग्राफी केली, आणि टेबलावर छोट्या वस्तू मांडून काढलेली त्यांची टेबल-टॉप चित्रं बघितलीस की तुला दिसेल, हा माणूस वस्तू मांडण्यापेक्षा उजेड मांडत होता. रोल धुऊन आल्याशिवाय काय आलं ते कळत नसे, त्या काळात.

तू टेबलावर स्टीलची पट्टी ठेव, तिरपी, कॅमेऱ्याकडून लांब जाणारी. नुसती १८-५५, झूम ५५ वर, फोकस जवळच्या टोकाला, कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर, दोन सेकंदांचा टायमर. पाच सेंटीमीटरच्या रेघेवर फोकस कर; लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, दहा पट मोठं करून बघता येतं. एक फोटो एफ/५.६ ला, एक एफ/११ ला, एक एफ/२२ ला. पहिल्यात तीन-चार रेघा स्पष्ट येतील, शेवटच्यात सेंटीमीटरभर, पण त्या आधीपेक्षा मऊ. हे वाचून कळत नाही, स्वतःच्या पट्टीवर बघावं लागतं. मग तुरीची डाळ ठेव, मग ज्वारीचा दाणा, मग झाकणाचा डिफ्यूजर लावून तेच पुन्हा. भिंगाची ऑर्डर त्यानंतर दे.

मला दोन फोटो पाठव, पट्टीचा आणि डोमकळीचा. पट्टीचा आधी.